खालाचं देणं

भोसरी एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. त्यामुळे आमच्या चाळीत बाप आणि पोरं दिवसभर एकत्र घरी आहेत, असं क्वचितच व्हायचं. आईही एका कारखान्यात पॅकिंगला जायची. रविवारी आम्हा भावंडांना जेवू कोण घालणार, हा प्रश्न शेजारच्या खोलीतल्या खालानं न विचारताच सोडवून टाकला होता. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कधी खट्टी दाल. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो. ते ऋण आहेच, पण आज लिहायला बसलोय ते दुसऱ्या एका ऋणाविषयी. धर्मातलं जे पटत नाही ते कसं बोलावं, कुणाजवळ उभं राहून बोलावं, हे मला तिच्या घरात उमगलं. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, व्याख्यानं ऐकली, चळवळीतल्या माणसांबरोबर हिंडलो. पाया मात्र तिनं घातलेला आहे.

आमचे वडील बहात्तरच्या दुष्काळात तुळजापूरकडून इकडे आले. खडी फोडण्यापेक्षा कारखान्यात झाडू मारलेला बरा, म्हणून भोसरीत उतरले आणि पुढे लेथवर हेल्पर झाले. खाला आली ती त्यानंतर काही वर्षांनी, लातूरकडून, कडेवर लहान मुलगी घेऊन. तिचा भाऊ इथे एका शेडमध्ये टर्नर होता. नवरा कामासाठी हैदराबादला गेला होता आणि एक दिवस तिकडून त्याचं पत्र आलं. पत्रात तो शब्द तीनदा लिहिलेला. मेहेरची रक्कम इतकी किरकोळ होती, की ती हातात पडली काय आणि न पडली काय. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ नं तलाक दिलेल्या बाईलाही पोटगी मागण्याचा हक्क दिला होता. पण हे तिला सांगणारं तिच्या गावात कुणी नव्हतं आणि भोसरीतही कुणी भेटलं नाही.

ती एका फाउंड्रीच्या मालावर काम करायची. कास्टिंगच्या कडांना राहिलेली धार कानशीनं घासून काढायची. संध्याकाळी तिच्या बोटांच्या टोकांना लोखंडाची काळी भुकटी असायची. ती धुऊन, वजू करून ती नमाजाला उभी राही. कामाच्या वेळात हुकलेला नमाज घरी येऊन पुरा करी. रोजे कडक. तलाकाचं पत्र हातात पडल्यावरही तिच्या श्रद्धेला तडा गेला नाही आणि श्रद्धा होती म्हणून त्या पत्राला तिनं कधी बरोबरही म्हटलं नाही. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी रोज पाहत होतो. ती म्हणायची, "दोन्हीकडची माणसं बसवा, समेट करा, असं कुराणात सांगितलंय. माझ्यासाठी कोण बसलं? पोस्टमन?"

आमच्या घरी माझी आत्या राहायची, ऐन तिशीत विधवा झालेली. एका संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. चाळीतल्या सगळ्या बायका आल्या, खालाही वाण घ्यायला आली. आत्या आतल्या खोलीत, स्टोव्हपाशी. खालानं तिला पाहिलं आणि सगळ्यांसमोर आईला विचारलं, "ताई, नणंद आत का बसली?" आई म्हणाली, "तिला कसं बसवायचं गं बाहेर?" त्यावर खाला म्हणाली, "माझा नवरा जित्ता आहे आन् त्यानं मला टाकलं. हिचा मेला, त्यात हिचा काय गुन्हा? तुमचा देव असं सांगतो व्हय?"

बायका गप्प झाल्या. आईनं काही उत्तर दिलं नाही. पण पुढच्या संक्रांतीला आत्या बाहेर पाटावर बसलेली होती. आईनं स्वतःच्या हातानं तिला कुंकू लावलं आणि दोन-तीन शेजारणी त्या दिवसापासून आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या प्रथांविरुद्ध ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला खालाचं ते वाक्य ऐकू आलं.

एका मुसलमान बाईनं भर हळदीकुंकवात आमच्या रीतीला नावं ठेवली. आज असं घडलं तर कुणीतरी मोबाइल काढेल आणि संध्याकाळपर्यंत 'भावना दुखावल्या' म्हणून जमाव उभा राहील. आईला मात्र क्षणभरही वाटलं नाही की आपल्या धर्माचा अपमान झाला. कारण उघड होतं. आत्याला टायफॉइड झाला तेव्हा रात्ररात्र तिच्या उशाशी बसलेली हीच बाई होती. खाला रीतीला बोलली ती आत्यासाठी बोलली, हे आईला ठाऊक होतं.

मग १९८५ साल आलं. २३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी शहाबानो खटल्याचा निकाल दिला. इंदूरची साठी ओलांडलेली ही बाई पोटगीसाठी झगडत होती. खालच्या कोर्टानं तिला महिना २५ रुपये मंजूर केले होते, मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले आणि तेवढेही द्यायचे नाहीत म्हणून वकील असलेला नवरा दिल्लीपर्यंत गेला. कलम १२५ सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, असं न्यायालयानं सांगितलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कन्हेरसर, आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यानं पुढे खेड तालुक्यात. त्यामुळे आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात त्या निकालाची चर्चा जरा जास्तच अभिमानानं चालायची.

त्या चर्चेत सर्वांत मोठा आवाज एका खोलीमालकाचा होता. पेपर हातात धरून तो मोठ्यानं वाचून दाखवी. बायकोला तीन शब्दांत हाकलून देणं हा कसला धर्म, म्हातारपणी ती बाई कुठे जाणार, असं तो पोटतिडकीनं बोले. मी तेव्हा नुकताच लेथवर लागलो होतो. त्याचं बोलणं मला पटत होतं.

त्याच उन्हाळ्यात खालाच्या भावाला सोलापूरला काम मिळालं. खोली त्याच्या नावावर होती आणि चाळमालकाला ती आता मोकळी हवी होती. वडील आणि मी खालाला घेऊन त्या शहाबानोवाल्या खोलीमालकाकडे गेलो, कारण त्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. आम्हाला वाटलं, याला तर सांगावंही लागणार नाही. त्यानं खालाकडे पाहिलं, वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही या राहायला. तुम्ही चांगली माणसं. ती नको. त्या लोकांना मी देत नाही." वडील म्हणाले, "अहो, तलाक दिलेली बाई आहे. तुम्ही बोलता ना रोज?" तो म्हणाला, "ते वेगळं."

गेली चाळीस वर्षं मी त्या दोन शब्दांचा विचार करतोय. तलाकाविषयी तो जे बोलत होता त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेव्हाही मी त्या वाक्यांशी सहमत होतो, आजही आहे. पण त्याला शहाबानो हवी होती ती इंदूरची, कागदावरची, ज्यांचा त्याला राग होता त्यांच्यावर फेकून मारायला उपयोगी पडणारी. तलाकपीडित बाई चालत त्याच्या दाराशी आली, तेव्हा त्याला तिच्यात फक्त मुसलमान दिसला. टीका खरी असू शकते आणि ती करणाऱ्याच्या मनात द्वेष असू शकतो. नुसती वाक्यं तपासून हा भेद कळत नाही. वाक्य संपल्यावर तो माणूस समोरच्याशी वागतो कसा, तिथेच तो कळतो.

खोली दिली ती गावठाणातल्या एका म्हातारीनं. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला आळंदीची कार्तिकी चुकवायची नाही. आळंदी इथून चालत जाण्याइतकी जवळ. आजीनं खालाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "माझी अट एकच हाय. एकादशीला मटणाचा वास माझ्या उंबऱ्याच्या आत येता कामा न्हाई." खालानं मान डोलावली. ती अट तिनं शेवटपर्यंत पाळली.

या आजीला इस्लाम मुळीच पटत नव्हता आणि ते ती लपवायचीही नाही. संध्याकाळी दोघी ओसरीवर भाजी निवडत बसत तेव्हा तिचा प्रश्न ठरलेला, "ज्या देवाला तोंडच न्हाई त्याच्याशी बोलायचं तरी कसं गं?" खालाचं उत्तरही ठरलेलं, "आन् तुमच्या विठोबाला तोंड आहे, तो बोलतो का?" मग आजी म्हणायची, "बोलतो की. तुला ऐकू येत न्हाई." दोघींपैकी कुणीही आपलं मत तसूभर बदललं नाही. आजीच्या नातवाला ताप आला आणि ती त्याला देवऋषाकडे न्यायला निघाली, तेव्हा खालानं पोराला तिच्या हातातून ओढून घेतलं आणि दवाखान्यात नेलं. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. भाडं वाढवायची गोष्ट त्या भांडणात एकदाही निघाली नाही, खोली सोड असंही आजी म्हणाली नाही.

माझ्या देण्यात म्हणून या आजीचाही वाटा आहे. खोलीमालक मुसलमान बायकांची कड घेऊन बोलायचा आणि मुसलमान बाईला दारात उभं करत नव्हता. आजीला तो धर्म चुकीचा वाटायचा, पण त्या धर्माची बाई तिच्या ओसरीवर बसायची. धर्माची चिकित्सा आणि धर्म मानणाऱ्यांचा द्वेष यांतला फरक मला कुणी विचारला, की मी या दोन दारांविषयी सांगतो.

आमच्या शेडमधला एक फिटर राष्ट्र सेवा दलातला होता. त्यानं मला 'साधना'चे अंक दिले आणि मग हमीद दलवाई दिले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 'इंधन' कादंबरीचा लेखक. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला तो फक्त सात मुस्लिम बायकांचा, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. त्या सातजणींत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, नावातच जोतीरावांचं बोट धरून. १९७७ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते किडनीच्या आजारानं गेले. पुढे मंडळाचा भार वाहिलेल्या सय्यदभाईंना या वाटेवर आणलं ते त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या तलाकानं. 'दगडावरची पेरणी' या आत्मकथनात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे.

गुरुवारी दुपारी मी खालाला दलवाई वाचून दाखवायचो. तिला कुराण वाचता यायचं, मराठी वाचता येत नव्हतं. तलाकाविषयीचा मजकूर आला की ती हातातलं काम थांबवून ऐके. एकदा म्हणाली, "या माणसाला बाईचं दुःख कळलं. आमच्यातल्या किती जणांना कळतं?" पण दलवाईंचा देवावर विश्वास नव्हता, धर्मग्रंथालाही ते माणसाच्या बुद्धीनं तपासायला निघाले होते. तिथे ती त्यांच्याबरोबर गेली नाही. दफन करू नका असं त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांना निरोप दिला गेला, हे मी सांगितलं तेव्हा ती फार खिन्न झाली. "असं करायला नको होतं त्यांनी," इतकंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुढचं वाच."

हे "पुढचं वाच" मला फार मोलाचं वाटतं. आपल्या श्रद्धेला नकार देणाऱ्या माणसाचं तिनं ऐकून घेतलं. तो आपला दुश्मन नाही, हे तिला लगेच ओळखता आलं. दलवाईंच्या हयातीत त्यांना 'मुसलमानांचा शत्रू' म्हणणारे त्यांच्याच समाजात ढिगानं होते, त्यांच्या सभांवर हल्ले झाले. दुसऱ्या बाजूला त्यांच्या टीकेला जोरात टाळ्या देणारे काही जण होते, ते आमच्या खोलीमालकाच्या जातकुळीचे. दलवाईंनी दोघांनाही जवळ केलं नाही. मुस्लिम राजकारणावर ते जितकं कठोर लिहीत, तितक्याच स्पष्टपणे हिंदू पुनरुज्जीवनवाद्यांनाही नाकारत. त्यांना मुसलमान या देशाचा बरोबरीचा नागरिक व्हायला हवा होता. ज्याला मुसलमान शेजारीच नको आहे, त्याच्याबरोबर त्यांचा रस्ता कसा जुळावा?

खालानं तोंडी तलाकाविरुद्ध वस्तीतल्या बायकांत बोलायला सुरुवात केली तेव्हा मशिदीच्या कमिटीतले एक बुजुर्ग घरी आले. वागायला सभ्य माणूस. म्हणाले, "बहन, घरची गोष्ट घरात राहू दे. बाहेरचे टपून बसलेत." खालानं विचारलं, "बाहेरचे टपलेत म्हणून मी घरात घुसमटून मरू का?" ते निघून गेले. त्यांची भीती निराधार नव्हती, हे मला कबूल करावंच लागेल. त्या खोलीमालकासारखी माणसं होतीच की नाक्यावर. अशी माणसं सुधारणेचं सर्वांत मोठं नुकसान करतात ते असं. खालासारखीनं तोंड उघडलं, की तिच्या माणसांना तिच्या आवाजात त्यांचा आवाज ऐकू येतो आणि तिला गप्प बसवणं सोपं होतं. १९८५ मध्येच सत्यशोधक मंडळानं कोल्हापूरहून तलाकमुक्ती मोर्चा काढला, त्यालाही याच कोंडीतून जावं लागलं. दुसऱ्या वर्षी संसदेनं कायदा करून शहाबानोचा निकाल बोथट केला. त्या दिवशी खाला जेवली नाही.

इथून थेट २०१३ वर येतो, कारण मधली वर्षं संसारात गेली. २० ऑगस्टच्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. देवाधर्माला विरोध नाही, धर्माच्या नावावरच्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे, हे ते आयुष्यभर संयमानं सांगत राहिले. ते ज्यांना ऐकायचंच नव्हतं त्यांच्या लेखी ते धर्मद्रोही ठरले. पुरते दहा महिनेही झाले नव्हते. २ जून २०१४ च्या रात्री, समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून उसळलेल्या जमावानं हडपसरमध्ये एका तरुणाला मारून टाकलं. मूळचा सोलापूरचा, आयटीत नोकरी करणारा, नमाज पढून परतत होता. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तलाकाविषयी त्याचं मत काय, दलवाई त्याला पटतात का, हे कुणी विचारलं नाही. दाढी आणि टोपी पुरेशी होती. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयानं त्या खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं.

एकाच शहरात एक माणूस धर्मातल्या अनिष्टावर बोलला म्हणून मारला गेला आणि दुसरा त्या धर्माचा दिसला म्हणून. या दोन मृत्यूंना मी वेगळं करू शकत नाही. विचार आणि माणूस यांतला भेद ज्यांनी मोडून टाकला, त्यांनीच दोघांना मारलं असं मी मानतो. मग ते हात वेगवेगळे का असेनात. हडपसरची बातमी आली त्या रात्री खालाचा नातू चाकणला दुसऱ्या पाळीत होता. त्याची आई माझ्या घरी येऊन बसली. मी मोटरसायकल काढून कंपनीच्या गेटवर गेलो आणि त्याला मागे बसवून घरी आणलं. वाटेत मोशीपाशी त्यानं विचारलं, "मामा, मी दाढी काढू का?" मी म्हणालो, "तुला काढायची असली तर काढ. त्यांच्यासाठी नको."

२०१७ च्या जूनमध्ये मेहरुन्निसा दलवाई गेल्या. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. सात बायकांच्या मोर्चाला एकावन्न वर्षं झाली होती. खाला टीव्हीसमोर बसून होती, गुडघे दुखत असूनही खुर्ची नको म्हणून जमिनीवर. तिनं दोन रकात नफिल नमाज पढला आणि मग मला पुण्याहून पेढे आणायला लावले. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. माती द्यायला आजीचा तो नातूही होता. ज्याला तिनं देवऋषाच्या तावडीतून सोडवलं होतं, तो आता स्वतः वारीला जातो.

२०१९ च्या कायद्यानं असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद केली. यावर खालाच्या लेकीचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मला वाटतं, बायकोला न सांगता सोडून जाणारे नवरे आमच्यातही काही कमी नाहीत. त्यांना तुरुंग नाही, मग याच नवऱ्यांना का? आणि तो आत गेला तर पोटगी कोण देणार? ती म्हणते, "मामा, तुमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण माझ्या आईला पत्र पाठवणारा तीन वर्षं आत बसला असता, तर दुसऱ्यानं पत्र लिहायच्या आधी विचार केला असता." दर ईदला हा वाद होतो. शिरखुर्मा खातच होतो.

या ईदला नातवानं आम्हा दोघांना थांबवलं. त्याला मोशीत फ्लॅट घ्यायचा आहे. कर्ज मंजूर झालंय, पण दलाल तारखा पुढे ढकलतोय. "वाद नंतर घाला," तो म्हणाला, "आधी माझ्याबरोबर चला." गेलो. दलालानं त्याचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि सोसायटीच्या लोकांशी बोलून कळवतो म्हणाला. त्या सोसायटीत माझ्याबरोबर टर्नरचं काम केलेले दोघं जण राहतात. एकाशी माझं बोलणं झालंय, तो बैठकीत उभा राहून बोलायला तयार आहे. दुसऱ्याकडे येत्या गुरुवारी जाणार आहे.